अंगावर पाजताना अंगाला काय लावावं?

कर्जतहून खोपोलीच्या फाट्यावर गाडी वळली की पहिलं स्टेशन पळसदरी. खोपोलीपर्यंतचा हा लोहमार्ग 1856 चा आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं, म्हणून रेल्वेने इथे तलाव बांधला, आणि तो आजही पावसाळ्यात तुडुंब भरतो. कर्जत-खालापूरच्या या पट्ट्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. लावणीच्या दिवसांत बायका सकाळपासून चिखलात ओणव्या असतात. घरी दोरीवरचे कपडे दोन-दोन, तीन-तीन दिवस सुकत नाहीत, आणि तेच ओलसर कपडे पुन्हा अंगावर चढतात. मग पायांच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, जांघेत आणि परकराच्या नाडीखाली गजकर्ण उठतं, एकाला खरूज झाली की घरभर होते.

यात अंगावर पाजणाऱ्या बायकाही असतात. 1 ते 7 ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह. आपल्या कोकणपट्टीत बुरशीचा जोर ऐन भरात असतो तेव्हाच तो येतो, पण अंगणवाडीत लागणाऱ्या फलकांवर खाज सुटलेल्या आईने काय करावं हे सहसा नसतं. तिच्यापुढे घरातून दोन सल्ले येतात. एक म्हणतो, औषध दुधात उतरेल, तेव्हा बाळाचं पाजणं थांबेपर्यंत सोस. दुसरा म्हणतो, औषध घे आणि तेवढे दिवस बाळाला वरचं दूध पाज. माझ्या मते दोन्ही सल्ले बहुतेक वेळा चुकीचे आहेत, आणि दोन्हींत बाळाचं नुकसान आहे. पहिल्यात आईचा नायटा किंवा खरूज बाळाला लागते. दुसऱ्यात बाळ आईच्या दुधाला मुकतं, आणि आठवडाभर पाजलं नाही की दूध आटायला लागतं. आईच्या त्वचेवर लावलेलं औषध दुधातून बाळापर्यंत फारच थोडं पोचतं. ते खऱ्या अर्थाने पोचतं ते त्वचेवरून त्वचेला आणि छातीवरून तोंडात. ही वाट ओळखली की दूधही चालू ठेवता येतं आणि औषधही.

औषध दुधात उतरतं हे आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळांचे तीन गट केले आहेत: केवळ दूध पिणारी, दूध आणि अन्न दोन्ही घेणारी, आणि अन्न खाणारी. पहिल्या दोन गटांतल्या बाळांच्या उपचारात पाजणाऱ्या धात्रीला औषध देण्याचा विचार तिथे आहे. म्हणजे दुधाची वाट औषध पोचवण्यासाठी मुद्दाम वापरली जात होती. आजच्या औषधशास्त्राने त्यात मोजमाप आणलं.

स्तनात दूध तयार करणाऱ्या पेशी बारीक पिशव्यांच्या आतल्या बाजूला एकाला एक लागून बसलेल्या असतात. पलीकडून रक्तवाहिन्यांची जाळी जाते. रक्तातल्या औषधाला दुधात यायचं तर या पेशींची भिंत ओलांडावी लागते. रेणू फार मोठा असेल तर तो अडतो; इन्सुलिन आणि हेपारिनसारखे मोठे रेणू म्हणूनच दुधात नगण्य असतात. औषध रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेलं असेल तर तेही मागेच राहतं. उलट, स्निग्ध पदार्थात विरघळणारं लहान रेणूचं औषध सहज पलीकडे जातं. दूध रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे सौम्य अल्कधर्मी औषधं पलीकडे गेली की तिथेच अडकून पडतात. बाळंतपणानंतरचे पहिले तीन-चार दिवस या पेशींमधल्या फटी मोकळ्या असतात आणि त्यातून बरंच काही जाऊ शकतं. पण निसर्गाची योजना अशी की त्या दिवसांत चीकदूधच थोडं असतं, पहिल्या दिवशी तर मोजके चमचे. त्यामुळे एकूण पोटात जाणारं औषधही थोडंच राहतं. शरीराची ही रचना जितकी वाचावी तितकं तिच्याविषयीचं कौतुक वाढत जातं.

हिशेब असा करतात. फक्त आईच्या दुधावरचं बाळ दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 150 मिलिलिटर दूध पितं. दुधातलं औषधाचं प्रमाण गुणिले हे दूध, म्हणजे बाळाला मिळालेली मात्रा. ती आईच्या वजनागणिक मात्रेच्या 10 टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेक औषधं सुरक्षित धरली जातात. फ्लुकोनाझोल ही बुरशीवरची गोळी बघा. 150 मिलिग्रॅमच्या एका गोळीनंतर दुधात तिचं सर्वांत जास्त प्रमाण लिटरला साधारण 3 मिलिग्रॅम भरतं. चार किलोचं बाळ दिवसाला 600 मिलिलिटर दूध प्यायलं तर त्याच्या पोटात 1.8 मिलिग्रॅमपेक्षा जास्त जात नाही. त्याच बाळाच्या तोंडात बुरशी झाली तर डॉक्टर हेच औषध किलोमागे 3 मिलिग्रॅम, म्हणजे 12 मिलिग्रॅम, थेट बाळालाच देतात. टक्केवारीत मोजलं तर हे औषध 10 टक्क्यांची रेघ ओलांडतं, तरीही ते चालतं. म्हणून एका आकड्यावर भिस्त न ठेवता औषध कोणतं आणि बाळाला ते सोसतं का, हे पाहावं लागतं.

हे झालं गोळीचं, जिचं औषध मोठ्या प्रमाणात रक्तात जातं. मलमाचं गणित आणखी हलकं आहे. क्लोट्रिमॅझोल हे गजकर्णावरचं साधं औषध धड त्वचेवर लावलं तर त्यातला अर्धा टक्काही रक्तात जात नाही. खरजेवरचं परमेथ्रिन 2 टक्क्यांपेक्षा कमी शोषलं जातं, आणि जे शोषलं जातं त्याचेही शरीरात लवकर तुकडे होतात. रक्तातच एवढं कमी गेलं, तर त्यातून दुधात जाणार ते किती?

मात्र त्वचा सगळीकडे सारखी नसते. 1967 साली फेल्डमन आणि मेबाख या अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिझोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागावरून जेवढं आत गेलं, त्याच्या 13 पट जबड्यावरून आणि 42 पट अंडकोशाच्या त्वचेवरून गेलं. जिथे त्वचा पातळ, घडीची आणि ओली, तिथे दार जास्त उघडं. बाळाच्या बाबतीत याला आणखी एक कारण जोडलं जातं: वजनाच्या तुलनेत त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या अडीच-तीन पट असतं. आईच्या दंडाला किंवा छातीला लावलेलं जाडसर मलम बाळाच्या गालाला लागलं, आणि तो गाल तासन्‌तास तिथेच टेकला, तर त्या लहान शरीरात जाणारं औषध दुधातून येणाऱ्या औषधाच्या कितीतरी पट होऊ शकतं.

1983 साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेला एक प्रसंग प्रत्येक पाजणाऱ्या आईला आणि मेडिकलवाल्यालाही माहीत असावा असं मला वाटतं. एका आईची स्तनाग्रं दुखत होती, म्हणून ती बाळंतपणापासून आयसोफ्लुप्रेडनोन या स्टेरॉइडचं मलम तिथे लावत होती. दोन महिन्यांच्या तिच्या बाळाचा चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, वाढ खुंटली, रक्तदाब धोकादायक चढला, रक्तातल्या क्षारांचं प्रमाण बिघडलं आणि हृदयाच्या आलेखातही दोष दिसला. दूध निर्दोष होतं. बाळ दर पाजण्याला स्तनाग्रावरचं मलम चाटत होतं.

म्हणून खरा प्रश्न असा आहे की आपल्याकडे नायट्यावर लावतात काय. गजकर्ण म्हणजे केराटिन खाणारी बुरशी. ती मध्यापासून बाहेर सरकत जाते, मधला भाग निवळतो आणि कडेला लालसर, खाजरी कंगोरेदार रेघ राहते, म्हणून चट्टा गोल दिसतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशभर ही बुरशी चिवट झाली आहे. तिचा एक नवा प्रकार 2020 साली जपानी संशोधकांनी वेगळा ओळखला, तेव्हा त्याचं नाव ठेवलं ट्रायकोफायटन इंडोटिनी, कारण तो भारतीय उपखंडातून आलेल्या रुग्णांत सापडला होता. या बुरशीचे काही वाण टर्बिनाफिन या नेहमीच्या गोळीलाही दाद देत नाहीत.

त्यात भर पडली मिश्रण-मलमांची. एकाच ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि जोडीला क्लोबेटॅसोलसारखं अतिशय तीव्र स्टेरॉइड. लावलं की दोन दिवसांत खाज थांबते आणि लाली उतरते. आपण बरे झालो असं वाटतं. प्रत्यक्षात स्टेरॉइडने त्वचेचा प्रतिकार दाबलेला असतो आणि बुरशी खाली निर्धास्त पसरत असते. लावणं थांबवलं की ती दुप्पट उठते. कधी वर्तुळाच्या आत वर्तुळ दिसतं. कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत न जाणारे ताण-व्रण पडतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध वेगळा कृतिगट उभारून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडच्या 14 मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीच्या यादीतून काढलं. कागदावर ती आता डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. गावोगाव काय घडतं ते वाचकाला ठाऊक आहे. पाजणारी आई ही ट्यूब परकराच्या नाडीखाली लावते, तिथेच बाळाला कडेवर घेते, आणि मलम बाळाच्या मांड्यांना लागतं.

स्टेरॉइडला सरसकट शिव्या देणं मात्र अन्यायाचं होईल. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोनचं मलम इसबावर लावलं आणि त्वचारोगांच्या उपचाराची दिशाच बदलली. हाताला इसब झालेल्या बाईला पाजताना सौम्य किंवा मध्यम स्टेरॉइड, थोड्या जागेवर, थोडे दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून लावायला हरकत नसते. इसब असेल तर ते औषध आहे. गजकर्ण असेल तर ते आगीत तेल आहे. दोन्हींना खाज सुटते, दोन्ही लाल दिसतात, आणि म्हणूनच ट्यूब आणायच्या आधी निदान हवं. शंका असेल तिथे त्वचेचा भुसा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे काही मिनिटांत दिसतात.

साध्या गजकर्णावर क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोलचं साधं, भेसळ नसलेलं क्रीम हा पाजणाऱ्या आईसाठी चांगला मार्ग आहे. लावायचं चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जाईपर्यंत, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा दोन आठवडे. मापाची एक सोपी युक्ती ब्रिटनमधल्या लाँग आणि फिनले या डॉक्टरांनी 1991 मध्ये मांडली: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ बसते ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढी बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. खूप पसरलेल्या गजकर्णाला गोळ्या लागतात, आणि तिथे आईने आपण पाजतो आहोत हे तोंडाने सांगितलंच पाहिजे. टर्बिनाफिन, ग्रिसिओफुल्विन आणि इट्राकोनॅझोल या गोळ्या पाजताना सहसा टाळतात किंवा तोलूनमापूनच देतात. खाजेसाठी सेट्रिझिन किंवा लोराटाडिन चालतं. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी बाळही पेंगतं आणि काही वेळा दूधही कमी होतं. सोरायसिसवरचं मेथोट्रेक्सेट, मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन आणि त्याच कुळातलं अॅसिट्रेटिन मात्र अंगावर पाजताना पूर्ण वर्ज्य.

गजकर्णाच्या औषधाचा इतिहास आपल्या किनाऱ्यावरूनच जातो, आणि तो सांगण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि गोव्यात 'गोवा पावडर' नावाची पिवळट-तपकिरी पूड गजकर्णावर विकली जायची. ती कशाची हे विकणाऱ्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. 1864 च्या सुमारास मुंबईतल्या केम्प या औषधविक्रेत्यांनी तिच्याकडे इंग्लंडमधल्या जाणकारांचं लक्ष वेधलं. दहाएक वर्षांनी ब्राझीलच्या बाहिया प्रांतातले डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी ओळख पटवली: ही आमच्याकडची अरारोबा. तिथल्या जंगलातल्या एका उंच झाडाच्या खोडातल्या भेगांमध्ये ही पूड साठते, आणि पोर्तुगीज जहाजांबरोबर ती गोव्याला येऊन पोचली होती. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरून पाहिली आणि गुण आला. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीला हा कच्चा माल मिळेना, तेव्हा 1916 साली तिथल्या रसायनतज्ज्ञांनी तसंच काम करणारा डिथ्रेनॉल हा पदार्थ प्रयोगशाळेत घडवला. सोरायसिसवर तो आजही वापरतात. गोव्याच्या बाजारातल्या निनावी पुडीपासून युरोपच्या इस्पितळापर्यंतचा हा प्रवास मराठी वाचकाला फारसा सांगितला गेलेला नाही.

त्या पुडीच्या रसायनाचं भावंड पळसदरीच्या बांधावर उगवतं. पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला, पडीक जागेत टाकळा माजतो. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात. कोवळ्या पानांची भाजी श्रावणात घरोघरी होते. त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल आणि त्या कुळातली द्रव्यं असतात, आणि बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावायची रीत जुनी आहे. आयुर्वेदात हा चक्रमर्द. ठाकर आणि कातकरी समाजांत झाडपाल्याची मोठी जाण आहे, आणि कशेळ्याच्या अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने कर्जत तालुक्यात या वनौषधींवर बरंच काम केलं आहे. या ज्ञानाविषयी मला पूर्ण आदर आहे, आणि म्हणूनच सावधगिरीही सांगतो. बियांचा लेप त्वचेला चांगलाच झोंबतो. गोवा पावडर आणि डिथ्रेनॉलही तसेच. कातडी भाजते, डोळ्यांत गेलं तर आग होते. बाळाच्या गालाखाली येणाऱ्या त्वचेवर यातलं काहीही नको.

घरातल्या आणखी दोन वस्तूंविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. खाज सुटली की खोबरेल तेलात कापूर घालून चोळायची सवय कोकणात घरोघरी आहे. मोठ्याला थंड वाटतं. पण कापूर त्वचेतून आणि वासातून बाळाच्या शरीरात जातो, आणि तान्ह्या मुलांना त्याने झटके येऊ शकतात. दुसरी वस्तू टाकणखार. तोंड आलेल्या बाळाला किंवा चिरलेल्या स्तनाग्राला मधातून टाकणखार लावतात. त्यातला बोरॉन बाळाला विषारी आहे, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध देणंही धोक्याचंच. बाळाच्या भल्यासाठीच आजी हे करत आल्या, म्हणून नाही म्हणताना त्यांचा मान राखावा; पण नाही म्हणावंच.

खरजेची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे एकटी आई बरी होऊ शकत नाही. सारकोप्टिस हा डोळ्याला जेमतेम दिसणारा किडा. मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. 1687 साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी हा किडा आणि खरूज यांचं नातं दाखवलं. ठरावीक रोगाला ठरावीक सूक्ष्म जीव कारणीभूत असतो हे दाखवणाऱ्या पहिल्या उदाहरणांत त्याची गणना होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातलं. दुर्लक्षित हे खरंच आहे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर एका गोधडीत झोपणारे सगळे बाधित झालेले असतात. मोठ्यांना बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती आणि स्त्रियांना स्तनाग्रांभोवती पुरळ येतं. तान्ह्याला मात्र तळहात, तळपाय आणि डोक्यावरही येतं, आणि त्यामुळे ते भलतंच काही समजलं जातं.

पाजणाऱ्या आईला 5 टक्के परमेथ्रिन क्रीम हा उत्तम उपाय आहे. मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखाली, बेंबीत, रात्री लावायचं आणि आठ ते चौदा तासांनी अंघोळ करायची. आठवड्याने पुन्हा एकदा. छातीला लावायचंच, पण पाजण्याआधी स्तनाग्र आणि भोवतालची जागा पाण्याने पुसून काढायची आणि पाजून झाल्यावर परत लावायचं. दोन महिन्यांपुढच्या बाळालाही हेच क्रीम डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावता येतं, त्याच्या बाबतीत डोक्यालाही. त्याहून लहान बाळाला गंधकाचं मलम हा जुना आणि सौम्य पर्याय आहे. गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइडचं लोशन एके काळी सर्रास मिळायचं. ते चरबीत साठतं, दुधात उतरतं आणि तान्ह्यांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. जुनी बाटली घरात असेल तर ती आई आणि बाळ दोघांनाही वापरू नये. एकाच रात्री घरातल्या प्रत्येकाला औषध लागलं पाहिजे, खाज असो वा नसो. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावं, किंवा पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावं. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त तगत नाही. औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून रोज-रोज क्रीम लावत बसू नये.

हे सगळं चार खोल्यांच्या घरात जमतं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवरच्या झोपडीत आठ माणसं, तीन गोधड्या आणि पाण्याचा एक हंडा. तिथे एका आईला एक ट्यूब देऊन भागत नाही. भट्टीवरच्या सगळ्या कुटुंबांना एकाच दिवशी औषध, आठवड्याने दुसरा डोस, आणि तोवर कोणी दुसऱ्या भट्टीवर जाणार नाही याची नोंद, असं केलं तरच खरूज हटते. तिथे आईच्या दुधाचा प्रश्न सुटतो तो सार्वजनिक आरोग्याच्या कामातून.

आता त्या रोगाकडे येतो, ज्याच्या उपचारात दुधाचा रंग बदलू शकतो. रायगड हा राज्यातल्या कुष्ठरोगाचे नवे रुग्ण सापडत राहणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक. पनवेलजवळ नेऱ्याचं शांतिवन याच कामातून उभं राहिलं. न खाजणारा, बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा ही त्याची खूण. गजकर्ण खाजतं, हा चट्टा खाजत नाही. ज्या चट्ट्यावर टोचलेलं कळत नाही, तो दाखवायलाच हवा. 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन यांच्या एकत्रित बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि आज तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही तो चालू ठेवायचा असतो.

यातलं क्लोफाझिमिन हे मूळचं लाल रंगद्रव्यच. 1954 साली डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूने क्षयावरचं औषध शोधताना ते घडवलं. खडकांवर वाढणाऱ्या दगडफुलासारख्या शैवाकांतली द्रव्यं तपासण्यापासून त्यांचं काम सुरू झालं होतं. क्षयावर तेव्हा ते फारसं लागू पडलं नाही, कुष्ठरोगावर पडलं. ते चरबीत साठतं आणि रुग्णाची त्वचा तांबूस-तपकिरी करतं. भारतातल्या कुष्ठरुग्ण मातांच्या दुधातही ते मोजलं गेलं आहे. दूध गुलाबीसर होऊ शकतं आणि पिणाऱ्या बाळाच्या त्वचेवरही तांबूस झाक चढते. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हावं असं ते दृश्य, पण ही झाक औषध संपल्यावर काही महिन्यांत उतरते आणि बाळाला त्यापासून अपाय झाल्याचं आढळलेलं नाही. डॅप्सोनबाबत मात्र एक काळजी आहे: ज्या बाळात जीसिक्सपीडी या विकराची जन्मजात उणीव असते, त्याचं रक्त या औषधाने फुटू शकतं. बाळ फिकट किंवा पिवळं दिसू लागलं तर लगेच दाखवावं.

एके काळी कुष्ठरोगी आईचं बाळ जन्मतःच तिच्यापासून तोडून निराळ्या वसतिगृहात ठेवत. आज औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत आईपासून संसर्गाची भीती उरत नाही, आणि बाळ तिच्याच अंगावर वाढतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होतं. 2019 च्या दुरुस्तीने तेही गेलं. विज्ञानाने आईला तिचं बाळ परत दिलं, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

राहिला प्रश्न स्तनाग्रांचा. तिथे काही लावायचंच असेल तर पाजून झाल्यावर लगेच, पातळ थर, आणि पुढच्या वेळेआधी मऊ ओल्या कापडाने पुसून. व्हॅसलिनसारखे तेलकट आधार असलेली मलमं तिथे टाळावीत, कारण बाळ चाटून त्यातलं खनिज पॅराफिन पोटात घेतं. पाण्याने धुतलं जाणारं क्रीम बरं. चिरा पडल्या असतील तर बहुतेक वेळा दोष बाळाच्या तोंडाच्या पकडीत असतो. पकड सुधारली की औषधाशिवाय बरं वाटतं. बाळाच्या तोंडात न पुसली जाणारी पांढरी बुरशी आणि आईच्या स्तनाग्रांना चुरचुर असेल तर दोघांवर एकाच वेळी उपचार हवेत. एकाच बाजूच्या स्तनाग्रावरचं इसब काही आठवड्यांत बरं होत नसेल, तर ते तपासून घ्यावं; पॅजेटचा कर्करोग असाच दिसतो.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्या वेळी आपल्या अंगावरचा चट्टाही त्यांना दाखवावा, नुसतं बाळाचं वजन करून त्यांना जाऊ देऊ नये. बाळ पिणं कमी करू लागलं, नेहमीपेक्षा जास्त झोपू लागलं, अंगावर पाण्याचे किंवा पुवाचे फोड आले, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर वाट न पाहता कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय किंवा कशेळ्याचं, चौकचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. जाताना आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत घालून न्यावी. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचूनच डॉक्टरांना कळतं की आत स्टेरॉइड होतं की नव्हतं.